उजेडाची वाट : कोल्हापूर ते पेंच

३१ जानेवारी, कोल्हापूर

अंबाबाईच्या देवळाचं महाद्वार पश्चिमेला आहे आणि देवीही पश्चिमेकडेच तोंड करून उभी आहे. वर्षातून दोन वेळा, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं या महाद्वारातून शिरतात आणि थेट गाभाऱ्यापर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, असा परंपरेचा क्रम. किरणोत्सवाबद्दल लहानपणापासून ऐकत आले होते, पण जानेवारीअखेर सुट्टी मिळणं कधी जमलं नव्हतं. या वर्षी मामा म्हणाले, "नुसतं कोल्हापूर कशाला? पुढेही जाऊ. गाडी आहे, मी रिकामा आहे." मामा साताऱ्याला भूगोल शिकवायचे, आता निवृत्त आहेत. वाट त्यांनीच आखली : कोल्हापूर, मग खोडदची रेडिओ दुर्बीण, वेरूळ-अजिंठा आणि शेवटी पेंचचं जंगल. सगळीकडे बघायचा तो उजेडच.

दुपारी चारलाच देवळात जाऊन बसलो. काळ्या दगडाचा गारवा अंगाला लागत होता. मामांनी खिशातून वही काढली. सूर्य रोज थोडा दक्षिणेकडे सरकत २१ डिसेंबरच्या सुमाराला टोक गाठतो आणि परत फिरतो. १० नोव्हेंबरला तो तिकडे जाताना आणि १ फेब्रुवारीला परत येताना क्षितिजावर एकाच जागी मावळतो. दोन्ही तारखा २१ डिसेंबरपासून सारख्याच लांब आहेत, ४१-४२ दिवस. कोल्हापुरात ही जागा नेमक्या पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला येते. "आता हे बघ," मामा म्हणाले, "या दिवसांत मावळतीची जागा रोज ०.३ अंशाने सरकते. सूर्याचं बिंब आहे अर्ध्या अंशाचं. म्हणजे बिंब दोन दिवसांत स्वतःच्या रुंदीहून जास्त सरकतं. कमान, मंडप, उंबरे अशा इतक्या चौकटींतून किरण जायचा तर त्याला मिळून मिळून किती दिवस मिळणार?"

ज्यांनी हे देऊळ उभारलं त्यांनी किती संध्याकाळी या क्षितिजाकडे बघत काढल्या असतील!

साडेपाचच्या पुढे मधली वाट मोकळी करायला सुरुवात झाली. माणसं दोन्ही बाजूंना सरकली, गाभाऱ्यातले दिवे मालवले. पहिल्यांदा गरुड मंडपाच्या फरशीवर उजेडाचा पट्टा उमटला. तो पुढे सरकताना डोळ्यांना दिसत नाही; क्षणभर दुसरीकडे बघून परत पाहिलं की पुढे आलेला असतो. कासव चौक ओलांडून तो पितळी उंबऱ्याला टेकला आणि पितळ एकदम पेटल्यासारखं झालं. त्याची सोनेरी झाक वर छताच्या दगडावर पडली. तिथली कोरीव पानं पहिल्यांदा दिसली. एरवी ट्यूबलाइटच्या सपाट उजेडात ती कुणाच्या लक्षातही येत नसतील.

शेजारच्या आजींनी माझा हात धरला. "थांबा की ताई, आता चढंल बघा वर."

चांदीचा उंबरा, मग कटांजन म्हणजे देवीसमोरचा कठडा, मग देवीच्या साडीचा काठ. आत कुणी बोलत नव्हतं. किरणं चरणांवर स्थिरावली आणि मागून कुणीतरी "उदं गं अंबे उदं" म्हणालं, मग सगळं देऊळच म्हणालं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

१ फेब्रुवारी, कोल्हापूर

सकाळी मामांना किरणं ज्या वाटेनं येतात ती वाट चालून बघायची होती. महाद्वाराच्या कमानीखाली उभं राहून पश्चिमेकडे पाहिलं. रस्ता, दुकानांच्या पाट्या, गच्च्या, पाण्याच्या टाक्या, केबलच्या तारा. देऊळ बांधलं तेव्हा इथून पुढे क्षितिजापर्यंत काही आडवं नसणार. मावळता सूर्य क्षितिजापासून जेमतेम दोन-चार अंश वर असतो, म्हणून लांबवरच्या इमारतीचा एक वाढीव मजलाही त्याला अडवू शकतो. किरणोत्सवातले अडथळे हा कोल्हापुरात दरवर्षीचा विषय आहे. मोजण्या होतात, महापालिका अडथळे काढायला लावते, अभ्यासक लक्समीटर घेऊन उजेडाची तीव्रता टिपून ठेवतात. एका फुलवाल्या काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "घर बांधताना माणूस आपली हद्द बघतो वो. किरणाची हद्द कोण बघणार?"

हे मनात राहिलं. रस्त्याला हद्द असते, नाल्याला असते, विमानांच्या वाटेखाली इमारतींची उंची ठरवून दिलेली असते. शेकडो वर्षं याच वाटेनं येणाऱ्या उजेडासाठी विकास आराखड्यात एक रेघ ओढायला हरकत काय? देवळाचं बांधकाम जसं जपायचं, तशी त्याच्यासमोरची मोकळी हवाही जपायला हवी, कारण ती हवा या वास्तूचाच भाग आहे. ज्याने गाभारा आखला त्याने सूर्यापर्यंतची जागा धरूनच आखला.

संध्याकाळी पुन्हा तीच जागा. आज किरणं गुडघ्यांवर, कमरेवर, मग छातीपर्यंत आली. कालच्या गर्दीत न सुटलेलं एक कोडं आज लक्षात आलं. सूर्य जसजसा खाली उतरतो, तसतशी किरणं मूर्तीवर वर चढतात. सूर्य उंच असताना किरण तिरपा खाली येतो आणि अलीकडच्याच फरशीवर थांबतो. सूर्य उतरला की किरण आडवा होतो, खोल जातो आणि मग पायांपासून वर सरकतो. देवीच्या मुखाला उजेड मिळतो तो अगदी शेवटच्या, सर्वांत आडव्या किरणाचा. मामांनी त्यात भर घातली. क्षितिजाजवळ हवेमुळे किरण इतका वाकतो की बिंब क्षितिजाला टेकलेलं दिसतं, तेव्हा सरळ रेषेत पाहिलं तर सूर्य आधीच खाली गेलेला असतो.

२ फेब्रुवारी, कोल्हापूर

आज मुखदर्शन. गर्दी दुप्पट. पण दुपारपासूनच पश्चिमेला धुरकट पडदा होता. ढग नव्हते, नुसती धूळ आणि दमटपणा. गरुड मंडपातला पट्टाच आज फिकट होता. पितळी उंबरा कालच्यासारखा पेटला नाही. किरणं छातीपर्यंत आली, कंठाजवळ रेंगाळली आणि तिथेच विरली.

"आज कंठापर्यंतच," एक सेवेकरी हळू म्हणाले. कुणी चिडलं नाही. आरती झाली, लोक नमस्कार करून निघाले.

हवेतले रेणू निळा उजेड जास्त विखरतात आणि तांबडा कमी. संध्याकाळी किरणाला हवेच्या जाड थरातून यावं लागतं, तेव्हा निळा वाटेतच पांगतो आणि सोनेरी-तांबडा तेवढा पोचतो. परवा देवीच्या चरणांवरचा तो रंग याच गळतीतून उरलेला होता. पण हवेत धूळ आणि धूर वाढला की सगळेच रंग अडतात. म्हणजे आकाशात सूर्य ठरल्या जागी, देऊळ ठरल्या जागी, आणि मधली हवा मात्र आपण बदललेली. मला हे इमारतींपेक्षाही गंभीर वाटलं. वाढीव मजला पाडता येतो, पण शहरावरची धूळ कुणाला नोटीस देऊन हटत नाही.

३ फेब्रुवारी, खोडद

पहाटे निघून पुण्याला वळसा घातला आणि दुपारी नारायणगावला पोचलो. तिथून खोडद जवळच आहे. ऊस, कांदा, द्राक्षांचे मांडव, आणि त्यांच्या वर डोकं काढून उभ्या प्रचंड पांढऱ्या ताटल्या. ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, सगळे जीएमआरटी म्हणतात. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यातल्या १४ मध्यभागी जवळजवळ, बाकीच्या १६ तीन फाट्यांवर लांबवर पसरलेल्या. टोकाच्या दोन अँटेनांमध्ये सुमारे २५ किलोमीटर अंतर. सगळ्यांनी टिपलेलं एकत्र जुळवलं की २५ किलोमीटर रुंदीच्या एकाच दुर्बिणीचा बारकावा मिळतो.

परवानगी आधीच काढली होती. फाटकावर पहिला प्रश्न, "ताई, मोबाईल बंद केला का? सायलेंट नाही, बंद." रेडिओ लहरी म्हणजेही प्रकाशच, फक्त आपल्या डोळ्यांना न दिसणारा. वेग तोच, सेकंदाला ३ लाख किलोमीटर. फरक लांबीचा. दिसणाऱ्या प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही आखूड असते. हायड्रोजन अणूतून निघणारी रेडिओ लहर असते २१ सेंटीमीटरची. विश्वात सर्वांत मुबलक हायड्रोजनच, म्हणून या लहरीला फार मोल.

अँटेनाच्या खाली उभं राहून वर पाहिलं, तर आरपार आभाळ दिसतं. ताटली पत्र्याची नाहीच. स्टीलच्या बारीक तारेची जाळी आहे, एक-दोन सेंटीमीटरची भोकं असलेली, दोरखंडांच्या सांगाड्यावर ताणून बसवलेली. लहर भोकापेक्षा पुष्कळ लांब असली की तिच्या लेखी ती जाळी म्हणजे सलग आरसाच. ऊन आणि वारा मात्र आरपार जातो. वारा अडत नाही म्हणून सांगाडा हलका आणि खर्चही कमी. ही कल्पना गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. १९२९ मध्ये जन्मलेले स्वरूप २०२० मध्ये गेले. भारतातल्या रेडिओ खगोलशास्त्राचा पाया त्यांनी घातला. परदेशी यंत्राची नक्कल न करता आपल्याला परवडेल आणि आपल्या कारागिरांना जमेल अशी दुर्बीण त्यांनी जुन्नरच्या मातीत उभी केली. मला त्या जाळीखालून हलवेना.

२०२३ मध्ये याच दुर्बिणीच्या निरीक्षणांतून एका अतिदूर दीर्घिकेतल्या हायड्रोजनची खूण सापडल्याचं जाहीर झालं. ती लहर निघाली तेव्हाचा काळ सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वीचा. आपली पृथ्वी तेव्हा जन्मलीही नव्हती. वाटेतल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणानं ती लहर वाकवून आपल्याकडे एकवटली, म्हणून ती टिपता आली. अशी लहर खोडदला पोचते तेव्हा इतकी क्षीण असते की शेजारच्या रस्त्यावरच्या गाडीची ठिणगीसुद्धा तिच्यापुढे गोंगाट ठरते.

पुणे-नाशिक रेल्वेच्या मूळ आखणीत ही दुर्बीण आडवी आली, हा प्रश्न त्यामुळेच उभा राहिला. नारायणगावच्या हॉटेलात बसलेल्या शेतकऱ्यांशी मामा तासभर बोलत होते. टोमॅटो, कांदा रेल्वेने गेला तर त्यांचं भलं होईल, हे खरंच आहे. त्यांच्या तोंडावर विज्ञानाचं मोठेपण सांगणं मला बरं वाटलं नाही. पण रेल्वेला दुसरी वाट काढता येते. एवढ्या शांत, डोंगरांच्या आडोशाची जागा या दुर्बिणीला दुसरीकडे कुठे मिळणार? त्यातले एक आजोबा म्हणाले, "आम्ही तिच्या शेजारी तीस वर्षं राहिलो. तिचं राखा, पण आमचंही बघा." मला ते पूर्ण पटलं.

४ फेब्रुवारी, वेरूळ

दिवसाचा बराचसा वेळ गाडीत गेला. नगरमार्गे संभाजीनगर, तिथून वेरूळ. कैलास लेण्याला आज फक्त वळसा घातला आणि ऊन उतरायच्या आत दहाव्या लेण्यात पोचलो. विश्वकर्मा लेणं, गावकऱ्यांच्या तोंडी सुताराचं झोपडं. छताला दगडातच लाकडी वाशांसारख्या कमानदार फासळ्या कोरल्या आहेत. दर्शनी भागावरच्या गवाक्षातून दुपारचा उजेड आत उतरतो आणि स्तूपाला टेकून बसलेल्या बुद्धाच्या दिशेनं सरकतो. १० मार्चच्या आसपास तो नेमका बुद्धाच्या मुखावर येतो, आणि तो बघायला लोक मुद्दाम त्या दिवसांत येतात.

आज किरण मुखापासून लांब, बाजूच्या खांबांवर होता. तरी आतला सगळा सभामंडप मऊ, पिवळसर उजेडानं भरला होता, कारण दगडावर आपटून तो सगळीकडे पसरत होता. शाळेच्या सहलीतल्या मुलांनी एक सूर लावला आणि तो बराच वेळ छताखाली घुमत राहिला.

५ फेब्रुवारी, अजिंठा

फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाडी ठेवून बसने लेण्यांपर्यंत. वाघूर नदीनं इथे घोड्याच्या नालेसारखं वळण घेतलंय आणि त्या वळणाच्या कड्यात ही तीसेक लेणी आहेत. कडा वळतो, म्हणून प्रत्येक लेण्याचं तोंड वेगळ्या दिशेला, आणि प्रत्येकात ऊन शिरायची वेळ वेगळी. १९ व्या चैत्याचा (स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाचा) रोख हिवाळ्यातल्या अयनदिनाच्या, म्हणजे २१ डिसेंबरच्या सुमाराच्या, सूर्याकडे आणि २६ व्याचा उन्हाळ्यातल्या अयनदिनाच्या सूर्याकडे आहे, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. कोल्हापूरहून आलेल्या आम्हाला त्याचं नवल वाटलं नाही. उलट मामा म्हणाले, "न बघता कोरलं असतं तर नवल होतं."

पहिलं लेणं. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर सुरुवातीला काहीच दिसत नाही. मंद दिवे आहेत, पण डोळे सरावेपर्यंत भिंत नुसती तपकिरी. मग गाभाऱ्याच्या डाव्या हाताला बोधिसत्त्व पद्मपाणी हळूहळू उमटतो : आधी मुकुट, मग खाली झुकलेल्या पापण्या, मग हातातलं कमळ.

गाइड फर्दापूरचेच, वडिलांच्या हाताखाली शिकलेले. त्यांनी गाभाऱ्यातल्या बुद्धमूर्तीवर टॉर्च धरला. एका बाजूने धरला तर ओठ मिटलेले, चेहरा खिन्न. दुसऱ्या बाजूने धरला तर तेच ओठ स्मित करू लागले. समोरून, ध्यानस्थ. "मूर्ती एकच, ताई. दिवा फिरला." मग त्यांनी भित्तिचित्रातल्या एका गळ्यातल्या मोत्यांच्या माळेवर प्रकाश आडवा सोडला. समोरून बघताना ते मोती नुसते पांढरे ठिपके होते. आडव्या उजेडात प्रत्येक ठिपक्याला सावली आली आणि मोती भिंतीतून वर उठले. पांढरा रंग तिथे मुद्दाम जाड थापलेला आहे. दीड हजार वर्षांपूर्वी एका माणसानं कुंचल्याच्या टोकानं तो थेंब ठेवला, दिव्याचा उजेड कुठून येणार हे मनात धरून. मी भिंतीपासून हातभर अंतरावर होते. त्या थेंबाची कड अजून स्पष्ट आहे.

बहुतेक चित्रं वाकाटक राजांच्या काळातली, पाचव्या शतकातली; काही लेणी मात्र त्याहून कितीतरी जुनी. भिंतीवर माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर पातळ पांढरा थर, आणि तो सुकल्यावर चित्र. तांबडा आणि पिवळा गेरूचा, हिरवा मातीचा, निळा लाजवर्दी दगडाचा, जो अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून यायचा. आणि काळा काजळीचा. दिव्याच्या ज्योतीवर धरलेली काजळीच डोळ्यांच्या बाहुल्यांत आणि केसांत भरलेली आहे.

एवढ्या अंधारात रंगवलं कसं? बाहेरचं ऊन पांढऱ्या कापडानं किंवा चकचकीत धातूच्या आरशांनी आत वळवलं असावं, जोडीला तेलाचे दिवे असावेत, असा तर्क आहे. गाइडकाकांनी दारात उभं राहून एक पांढरा पुठ्ठा उन्हात धरून दाखवला. आतल्या छतावरची हंसांची नक्षी लगेच उजळली. इतका मऊ, सावली न पाडणारा उजेड विजेच्या कुठल्याच दिव्याला साधणार नाही, असं मला वाटलं.

ज्या उजेडानं ही चित्रं दिसतात, त्याच उजेडाचं त्यांना भयही आहे. दगडांचे रंग बऱ्यापैकी टिकाऊ असतात. पण त्यांना धरून ठेवणारा चिकट पदार्थ आणि नंतर चढवलेले थर प्रकाशानं, दमटपणानं, माणसांच्या श्वासानं खराब होतात. म्हणून फ्लॅशला बंदी आणि दिवे इतके मंद. एप्रिल १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीला आला आणि ही लेणी पुन्हा जगासमोर आली. त्यानंतर लोकांनी ती उजेडात आणण्यासाठी काय काय केलं! रॉबर्ट गिलनं वर्षानुवर्षं इथे राहून प्रतिकृती काढल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा कामाला लागून नव्या प्रती केल्या. त्यातल्याही पुष्कळ लंडनमध्येच १८८५ च्या आगीत गेल्या. निजामाच्या राजवटीत १९२० च्या सुमाराला इटलीहून आलेल्या तज्ज्ञांनी चित्रं वाचवायला लाखेचा थर दिला. निसटणारे पापुद्रे त्यामुळे भिंतीला धरून राहिले, पण तो थर पुढे पिवळा पडला, त्यात धूळ बसली आणि खालचे रंग झाकोळले. पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ तो इंचाइंचानं उतरवत आले आहेत.

जे. जे.च्या त्या विद्यार्थ्यांचा विचार माझ्या मनातून जात नाही. मुंबईहून येऊन, या दमट अंधारात पाय मोडून बसून त्यांनी एकेक चेहरा उतरवला. ग्रिफिथ्सचं नाव सगळ्यांना माहीत आहे. त्या मुलांची नावं गाइडच्या माहितीत असायला हवीत, लेण्याबाहेर एका फलकावर लिहायला हवीत.

२६ व्या लेण्यात महापरिनिर्वाणाचा बुद्ध डाव्या भिंतीला निजलेला आहे. बंद डोळ्यांवर दारातून येणारा उजेड पडला होता. खाली शोक करणारे शिष्य सावलीत होते. तिथे आम्ही बसून राहिलो, पहारेकरी बंद करायची वेळ झाली असं सांगायला येईपर्यंत.

६ फेब्रुवारी, समृद्धी महामार्ग

दिवसभर प्रवास. जालन्याहून समृद्धी पकडून नागपूर. अंधार पडल्यावर लक्षात आलं की विदर्भातही क्षितिजावर कुठे ना कुठे शहराचा पांढरा फुगवटा असतोच. गाव दिसण्याआधी त्याचा उजेड आभाळात दिसतो. पांढऱ्या एलईडीत निळा भाग जास्त असतो आणि निळा हवेत जास्त विखुरतो. कोल्हापुरात संध्याकाळ सोनेरी करणारा नियम इथे रात्र विटवतो.

७ फेब्रुवारी, सिल्लारी, पेंच

नागपूरहून जबलपूर रस्त्यानं मनसर, देवलापारकडे आणि मग डावीकडे जंगलात. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं आणि आशियातलं पाचवं डार्क स्काय पार्क (अंधारं आकाश राखणारं उद्यान) म्हणून मान्यता मिळाली. लडाखमध्ये हानले इथे त्याआधीच राखीव अंधारं आकाश ठरवलं होतं, पण व्याघ्र प्रकल्पाला असा दर्जा आपल्याकडे पहिल्यांदाच मिळाला. बफर क्षेत्रातल्या वाघोली, सिल्लारी, खापा अशा गावांतले शंभराहून जास्त दिवे बदलून उजेड खाली जमिनीवरच पडेल असे लावले.

अमावास्या दोन-तीन दिवसांवर होती, चंद्र पहाटे उगवणार होता. जेवण उरकून तारे बघायच्या मनोऱ्याकडे निघालो. मी वाट दिसावी म्हणून टॉर्च लावला, तर सोबतचा गाइड मुलगा म्हणाला, "पांढरा नका लावू न ताई. हा लाल घ्या." अंधारात बघायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं सरावावं लागतं आणि पांढऱ्या उजेडाचा एक झोत ती सगळी कमाई घालवतो. लाल उजेडानं मात्र ती फारशी बिघडत नाही.

अर्ध्या तासानं आकाश खोल झालं. दुसरा शब्द सापडत नाही. तारे कमी-जास्त तेजाचे न वाटता जवळ-लांब वाटू लागले. मृग डोक्याजवळ, त्याच्या खाली व्याध, इतका तेजस्वी की डोळे आपोआप त्याच्याकडे वळत होते. रोहिणीचा तांबूस ठिपका, कृत्तिकांचा पुंजका, आणि दक्षिणेला झाडांच्या शेंड्यावर अगस्त्य. पुण्यात माझ्या गच्चीवरून अगस्त्य शोधावा लागतो.

दुर्बिणीतून मृगाचा तेजोमेघ पाहिला. करडी धूसर झाक आणि मधोमध चार तारे. मामा गणित करत होते. हा प्रकाश सुमारे १३५० वर्षांपूर्वी निघाला, म्हणजे बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं. अजिंठ्याची चित्रं तोवर पूर्ण होऊन दोनेकशे वर्षं झाली होती. कृत्तिकांचा प्रकाश निघाला तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्म व्हायचा होता. पश्चिमेला देवयानी दीर्घिका मावळत होती, २५ लाख प्रकाशवर्षं लांब. नुसत्या डोळ्यांनी दिसते तेवढी पुसटशी. हे सगळे काळ एकाच क्षणी डोळ्यांत उतरत होते.

मध्येच खाली चितळानं इशारा दिला, दोनदा. गाइड कान देऊन थांबला. "बिबट असंल," तो म्हणाला. रात्र या प्राण्यांचीही आहे. रात्रीचे पतंग फुलांपर्यंत जातात ते अंधारात, पक्षी स्थलांतर करताना ताऱ्यांचा आधार घेतात, काजव्यांच्या खुणा एकमेकांना दिसायला काळोख लागतो. माणसाला दिवसा हवी तेवढी जागा मिळते. निदान रात्रीची तरी या जिवांकडे राहू द्यावी असं मला फार मनापासून वाटतं.

८ फेब्रुवारी, सिल्लारी

सकाळी ज्या घरी चहाला थांबलो, तिथल्या ताईंना मी विचारलं, दिवे बदलल्यावर बायकांना रात्री भीती वाटत नाही का? हा प्रश्न मला स्वतःलाच छळत होता. अंधाराचं कौतुक करणं शहरातून आलेल्या पाहुण्याला सोपं असतं.

त्या म्हणाल्या, "अंधार कुठं केला जी? पहिलेचा दिवा डोळ्यांत जाये, त्याच्या मागचं काही दिसत नव्हतं. आता उजेड पायापाशी पडते. साप असला तरी दिसते."

त्यांनी मला तो दिवा दाखवला. खांबावर वरून झाकलेला, तोंड थेट खाली, काच टोपाच्या आत. दिवस असल्यामुळे बंद होता. त्यांच्या मुलानं सांगितलं की रात्री त्याचा उजेड पिवळसर पडतो आणि अंगणापलीकडे जात नाही. तो मुलगा आता येणाऱ्या लोकांना दुर्बीण लावून देतो. बारावी सायन्स केलंय, पुढे फिजिक्स घ्यायचं म्हणतो. मामांनी त्याला वहीची पानं फाडून दिली, कोल्हापूरची आकडेमोड असलेली. तो म्हणाला, "सर, इथंही असं मोजता येईल ना? सूर्य कोणत्या दिवशी कोणत्या डोंगरामागं जाते?"

मामांनी लगेच गाडीतून होकायंत्र काढलं आणि ते दोघं तलावाच्या बांधाकडे गेले. मी ताईंबरोबर दुसरा चहा घेतला. त्यांनी सांगितलं की तारे बघायला यायचं तर मार्च-एप्रिलमध्येही या. तेव्हा पहाटे आकाशगंगा पूर्वेकडून उभी राहते, आणि गर्दीही कमी असते. पावसाळ्यात येऊ नका. ढग असतात, शिवाय जंगलाचा गाभाही पर्यटकांना बंद असतो.